मागची सीट

पुरानं ओढ्यावरचा पूल तसा जागेवर ठेवला, पण दोन्ही अंगांचा भराव नेला. चकलांब्याहून सकाळ-संध्याकाळ वस्तीवर येणारा दुधाचा टेम्पो त्या दिवसापासून बंद झाला. लोकांनी दगडगोटे टाकून माणूस आणि दुचाकी जाईल एवढी वाट केली. टेम्पोवाल्यानं एकदा येऊन ती वाट पाहिली, मान हलवली आणि टेम्पो वळवून गेला तो गेलाच.

रोहिणीच्या दावणीला तीन म्हशी होत्या. नवऱ्याला, धोंडीरामला, लकवा मारल्यापासून घर त्या म्हशींवरच तगून होतं. काही दिवस शेजारच्या नाथानं आपल्या गाडीवर तिचं दूध नेलं. पण त्याच्या घरच्याच दोन कॅन असायच्या. एकदा त्या दगडांवरून त्याचं चाक घसरलं आणि निम्मं दूध ओढ्यात गेलं. "वाईट वाटून घेऊ नका वहिनी," तो म्हणाला, "पर एवढं वझं घेऊन गाडी आवरत न्हाई."

मग रोहिणी डोक्यावर कॅन घेऊन चालत जाऊ लागली. ऑक्टोबरचं ऊन वर चढायच्या आत चकलांबा गाठायचा म्हणून ती पळत्या पायांनी जायची. तरी संध्याकाळचं दूध निभायचं, सकाळचं फाटायचं. संकलन केंद्रावरचा माणूस झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि कॅन पायानं बाजूला सरकवायचा. हातानं सरकवली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. फाटलेलं दूध ती येताना ओढ्यात ओतून द्यायची. घरी नेलं की सासू, सुंदरबाई, चुलीपुढं बसून डोळे पुसत राहायची.

एका सकाळी ती अशीच रिकामी कॅन घेऊन आली. धोंडीराम ओसरीत बाजेवर बसला होता. तिची मान अवघडलेली बघून तो म्हणाला, "गाडी घिऊ."

"अन् चालविणार कोण रं?" सुंदरबाईनं आतून विचारलं.

"कोण म्हंजे? मी."

बोलताना त्याचा ओठ एका बाजूला ओढला जायचा आणि शब्द जरा घोळून यायचे. गेल्या उन्हाळ्यात पहाटे उठताना त्याचं उजवं अंग गेलं होतं. बीडच्या दवाखान्यात पडून असतानाच त्याची गाडी विकली गेली. कुणी विकली, कुणाला विकली, हे त्यानं परत आल्यावर विचारलंच नाही. गोठ्याशेजारी गाडी लावायची जागा मात्र तो रोज एकदा बघायचा. तिथं आता सुंदरबाई गोवऱ्या थापायची.

एके काळी त्या पंचक्रोशीत धोंडीराम म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजे धोंडीराम असं होतं. कुणाची सून बाळंतपणाला अडली, कुणाला साप चावला, कुणाला कोर्टाच्या तारखेला पोचायचंय, की माणूस त्याच्या दारात. चिखलातून, दगडातून, पावसातून तो गाडी अशी काढायचा की मागं बसलेल्याला वाटावं, आपण बाजेवरच बसलोय.

"डॉक्टरनं काय सांगितलंय? हात वापरा म्हन्लाय," तो म्हणाला आणि उशाचा रबरी चेंडू उजव्या हातात घेऊन त्यानं रोहिणीला दाखवला. "बघ. आता दाबतो का न्हाई?"

रोहिणीनं बघितलं. बोटं चेंडूभोवती नुसती बसली होती. चेंडू दबला नव्हता.

"दाबतो की," ती म्हणाली. "घिऊ गाडी."

तिला स्वतःला गाडी येत होती. तिचे वडील मोहनराव तलवाड्यात दुधाचाच धंदा करायचे. डोळ्यांत फूल पडल्यावर त्यांना पहाटेचं दिसेना, तेव्हा दहावीतली रोहिणी पुढं बसायची, मोहनराव मागं कॅन धरून बसायचे. गाडीचा आवाज जरा बदलला की ते मागूनच सांगायचे, काय झालंय. लग्न होऊन इथं आल्यावर पहिल्याच वर्षी एकदा तिनं अंगणातली धोंडीरामची गाडी चालू करून सावलीला नेऊन लावली. चार माणसं ओसरीत बसली होती. धोंडीराम हसत उठला, तिच्या हातातून चावी घेतली आणि म्हणाला, "आमच्या घरात अजून बाप्ये हायेत." माणसं हसली. रोहिणीही हसली. त्यानंतर ती कायम मागं बसली, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, डोक्यावरचा पदर दातात धरून.

दावणीला एक वगार होती, पुढच्या वर्षी गाभण राहिली असती. ती विकली. वगारीला नेताना तिची आई गोठ्यात सारखी हंबरत राहिली. दुसऱ्या दिवशी रोहिणी आणि धोंडीराम शिरूर कासारला निघाले. ओढा ओलांडताना धोंडीरामनं रोहिणीचा हात धरला नाही. काठी टेकत, एकेक दगड चाचपत तो गेला. पलीकडून काळी-पिवळी जीप मिळाली.

मुनव्वरचं गॅरेज बाजारतळाच्या कडेला होतं. पत्र्याच्या शेडखाली पाच-सहा जुन्या गाड्या विकायला लावलेल्या. धोंडीरामची गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडंच दुरुस्तीला यायची. त्याला बघून मुनव्वर ऑइलचे हात पुसत पुढं आला. मिठी मारायला त्यानं हात उचलले, मग ती काठी आणि लोंबता हात त्याला दिसला. तो क्षणभर थबकला आणि पटकन स्टूल ओढून म्हणाला, "आओ, धोंडीरामभाऊ. लई दिवसांनी. बसा, चहा सांगतो."

"चहा नगं. गाडी दाव."

"गाड्या काय, तुमच्याच हायेत."

धोंडीराम बसला नाही. तो सरळ एका काळ्या गाडीकडं गेला. मोठी गाडी, रुंद टाकी, जाड टायर, चकाकणारा रंग. त्यानं डाव्या हातानं टाकीवरून हात फिरवला. वर्षभरात त्याचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. रोहिणीला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

"ही काढ," तो म्हणाला.

मुनव्वर म्हणाला, "चांगली पसंद हाय भाऊ, पर जड लई हाय."

"जडच पाह्यजे. दूध न्यायचंय, भाजी न्हाई."

रोहिणी गाडीपाशी वाकली. इंजिनला हात लावून बघितला, थंड होतं. मग तिनं पुढच्या चाकासमोर उभं राहून हँडल सरळ धरलं. हँडल सरळ होतं, चाक मात्र जरा डावीकडं बघत होतं. टाकीखाली बोट घातलं तर नव्या रंगाखाली जोडाचा उंचवटा लागला.

"मुनव्वरभाई, ही पुढनं धडकलेली हाय का?"

मुनव्वर आतापर्यंत फक्त धोंडीरामशी बोलत होता. त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "खोटं न्हाई बोलणार भाभी. ठोकलेली हाय. म्हणून तर अजून उभी हाय."

"तुला कोण इचारलं?" धोंडीराम रोहिणीवर खेकसला. "बायामाणसानं मधी बोलावं का?"

ती बाजूला झाली. शेडच्या टोकाला एक लाल गाडी होती, लहान, जुनी. सीट एका जागी शिवलेली, मागचं टायर बरंच झिजलेलं, चेन सैल. पण खाली तेलाचा एक थेंब नव्हता. मागं कॅन अडकवायचे लोखंडी हूकही होते, म्हणजे हिनं आधीही दूध वाहिलं होतं. उंची बेताची. रोहिणीनं नुसतं बघूनच ताडलं की बसलं तर तिचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील.

मुनव्वरनं तिची नजर पाहिली. तो धोंडीरामला म्हणाला, "भाऊ, एक काम करा. काळी राहू द्या. आधी ही लाल एक चक्कर मारून बघा. हलकी हाय, हात मोकळा होईल तुमचा."

"ती बायकांची गाडी दिसती."

"बघा तर."

मुनव्वरनं एका किकमध्ये गाडी चालू केली. आवाज स्वच्छ होता, धूर नव्हता. बाजारतळ त्या दिवशी मोकळा होता. त्यानं गाडी तिथं नेऊन उभी केली.

धोंडीराम काठी रोहिणीकडं देऊन गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहिला. हजारदा ज्या पायानं टांग टाकली होती तो पाय उचलेना. तो उजव्या बाजूला गेला. त्या पायावर उभं राहून डावी टांग टाकायला गेला तर गुडघा वाकला. मुनव्वर धरायला आला तसा म्हणाला, "सोड." शेवटी तो परत डाव्या बाजूला आला आणि मुनव्वरनं गाडी कलती केली. धोंडीरामनं डाव्या हातानं आपला उजवा पाय पायजम्यासकट उचलला, टाकीवरून पलीकडं टाकला आणि बसला. त्याला धाप लागली होती. उजवा हात उचलून त्यानं ॲक्सिलेटरवर ठेवला आणि एकेक बोट डाव्या हातानं मिटवलं.

"जमतंय का?" रोहिणीनं विचारलं.

"गप."

त्यानं गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी सरळ निघाली. दहा-बारा पावलं ती अशी छान गेली की रोहिणीला खरंच वाटलं, ह्याला जमलं. मग त्याचा तो जड हात मनगटातून खाली लोंबला आणि हाताच्या वजनानंच ॲक्सिलेटर पूर्ण पिळला गेला. गाडी उधळली. ब्रेक उजव्या पायाशी, आणि पाय ऐकेना. बाजारतळाच्या कडेला ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांचा ट्रॅक्टर उभा होता. भांडी, बाजा, कोयते लादलेली ट्रॉली. गाडी तिच्या चाकाला जाऊन भिडली आणि आडवी झाली.

ट्रॉलीजवळची माणसं धावली. कुणीतरी गाडी बंद केली, कुणी धोंडीरामला काखेत धरून उठवलं. एक तरणा गडी त्याच्या अंगावरची माती झटकत म्हणाला, "मामा, चालवायला येत न्हाई तर बसता कावून?"

तो काही वाईट मनाचा नव्हता. त्याला हा माणूस कोण हे ठाऊक नव्हतं, एवढंच. पण धोंडीराम त्याच्याकडं बघतच राहिला. त्याच्या उजव्या डोळ्यातून लकव्यापासून तसंही पाणी गळायचं, त्यामुळं तो रडतोय हे कुणाला कळलं नाही. रोहिणीला कळलं. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, फाटलेल्या पायजम्यातून खरचटलेला गुडघा झाकला आणि त्याला शेडमध्ये आणून स्टुलावर बसवलं.

मुनव्वरनं पाणी दिलं. गाडीचा आरसा फुटला होता. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. मग रोहिणी उठली. तिनं पदर कमरेला खोचला, साडी गुडघ्याखाली आवरून धरली आणि म्हणाली, "मुनव्वरभाई, चावी द्या. मी बघते."

पहिल्यांदा गाडी बंद पडली. ट्रॉलीवरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. दुसऱ्यांदा तिनं क्लच हळू सोडला आणि गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा. बाजारतळाला एक वळसा घालून ती रस्त्याला लागली. तिसरा. वारं तोंडावर आलं, डोक्यावरचा पदर मागं पडला आणि तिनं तो सावरला नाही. हातापायांना सगळं आठवत होतं. कुठून तरी छातीतून हसू फुटून आलं, मोठ्यानं, एकटीलाच. पेट्रोलपंपापर्यंत गेल्यावर तिला स्टुलावर बसलेला माणूस आठवला आणि आपण हसलो ह्याची तिला एवढी लाज वाटली की गाडी वळवून येताना तिनं पदर पुन्हा घट्ट ओढून घेतला.

ती आली तेव्हा धोंडीराम शेडच्या पत्र्याकडं तोंड करून बसला होता.

"मग भाऊ," मुनव्वरनं हळूच विचारलं, "ही देऊ का?"

"मला कावून इचारता?" धोंडीराम पत्र्याकडं बघतच म्हणाला. "चालविणाराला इचारा."

मुनव्वरनं चेन ताणून दिली, दुसरा आरसा बसवून दिला, कागदांचं बघून दिलं. मग दोघांनी मिळून धोंडीरामला मागच्या सीटवर बसवलं. बसल्यावर त्यानं रोहिणीच्या खांद्यावर हात ठेवला नाही. डावा हात मागं नेऊन त्यानं कॅरिअरची कांब धरली.

शिरूर मागं पडल्यावर तो बोलू लागला. "गिअर बदल." तिनं तो बदललेलाच होता, तरी हो म्हणाली. "म्होरं खड्डा हाय." "हो." "हॉर्न मार, वळण हाय." तिनं हॉर्न मारला. "ब्रेक एकदम दाबू नकू. लई नाजूक हाय पुढचा." त्याचा आवाज मोकळा होत गेला. कापसाची, तुरीची रानं मागं जात होती. ती त्याची प्रत्येक गोष्ट ऐकत होती, न लागणारीसुद्धा, आणि तिला वाटलं, असं चालेल. मी हात, हे डोळे. असं आयुष्यभर चालेल.

ओढ्यापाशी तो उतरला. तिनं दगडांवरून गाडी एकटीनं पलीकडं काढली. तो चालत आला, पुन्हा बसला. चढ संपला, वस्तीवरचे पत्रे दिसू लागले आणि तो म्हणाला, "थांब. उतरव मला."

"कावून? काय झालं?"

"पाय आखडलाय. जरा चालतो. तू हो म्होरं."

"घर लांब हाय अजून. मी थांबते की."

"हो म्हन्लं ना म्होरं."

तिनं मागं वळून बघितलं. तो वस्तीकडं बघत होता. देवळाच्या ओट्यावर रोजच्यासारखी माणसं बसलेली इथूनही दिसत होती. तिनं त्याला उतरवलं, हातात काठी दिली.

"गाडी ढकलत आणते," ती म्हणाली. "संगं चालू."

"अन् लोकांनी म्हणावं, धोंडीरामनं बंद पडकी गाडी आणली? जा."

ती गेली. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली, एवढं तिला कळलं. तिनं मान वर केली नाही.

अंगणात सुंदरबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला उभी होती. "धोंडा कुठंय?" तिनं विचारलं.

"येऊ लागलेत. चालत."

सुंदरबाई गाडीकडं बघत राहिली, मग सुनेकडं. तिला समजलं असावं. तुकडा तिच्या हातातच राहिला. "येऊ दे मग त्याला," ती म्हणाली.

दोघी वाट बघत उभ्या राहिल्या. रोहिणीला वाटलं, पडला असेल. ती परत निघणार तेवढ्यात गाडीचा आवाज आला. नाथाची गाडी होती. मागं धोंडीराम बसला होता. डावा हात नाथाच्या खांद्यावर, मान ताठ, आणि मोठमोठ्यानं काही तरी सांगत होता. ओट्यापुढून ते असेच आले असणार.

"वहिनी, दादा वाटंनं चालत निघालते," नाथा म्हणाला. "म्या म्हन्लं बसा. लगेच बसले."

धोंडीराम उतरला आणि काठीनं लाल गाडीकडं दाखवत नाथाला सांगू लागला. "मुनव्वर काळी गळ्यात मारायला बघत व्हता. रंग बघ म्हन्ला. म्या टाकीखाली बोट घातलं तर जोड लागला. ठोकलेली. मग ही निवडली."

"तुमची नजर म्हंजे नजर, दादा," नाथा म्हणाला.

धोंडीरामनं रोहिणीकडं बघितलं नाही. सुंदरबाईनं गाडीवरून तुकडा ओवाळून टाकला. रोहिणी चुलीकडं गेली आणि चहाचं आधण ठेवलं. आधण उकळून आटायला लागलं तरी ती तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवसापासून दूध वेळेवर जाऊ लागलं. पहिली कॅन अडकवली की गाडी एका अंगाला कलायची. दुसरी अडकवेपर्यंत कुणीतरी हँडल धरावं लागायचं. सुंदरबाई धरायची, तोंडानं देवाचं नाव घेत. धोंडीराम त्या वेळी भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. जागा असायचा, हे रोहिणीला ठाऊक होतं. एकदा तो एवढंच म्हणाला, "ओट्यापुढनं जायच्या ऐवजी मागच्या पांदीनं जात जा."

"पांदीत चिखल हाय. दूध सांडंल."

त्यानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर चेंडूही त्यानं हातात घेतला नाही. तो बाजेखाली गेला तो तिथंच राहिला.

थंडी पडल्यावर दवाखान्यात दाखवायची वेळ आली. चकलांब्यापर्यंत दुचाकीवर जायचं आणि तिथून बीडची एसटी धरायची. रोहिणीनं आदल्या दिवशी मागच्या सीटवर गोधडीची घडी बांधून ठेवली. सकाळी ती दूध काढून आली तर अंगणात नाथाची गाडी चालू होती आणि धोंडीराम तिच्यावर बसलेला होता, धुतलेला सदरा, कानटोपी.

"तू दूध घाल अन् ये एसटीपाशी," तो म्हणाला.

तिनं सुंदरबाईच्या मदतीनं कॅन अडकवल्या आणि त्यांच्या मागून निघाली. ओढ्यानंतरचा रस्ता सरळ होता. धुकं अजून रानातून उठलं नव्हतं. पुढं त्याची पाठ दिसत होती. नाथा गाडी जोरात चालवत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला धोंडीरामचा उजवा पाय थोडा थोडा घसरत होता. मग तो पायदानावरून सुटला आणि टाच रस्त्याला घासू लागली. चप्पल गळून पडली. त्या पायाला काही जाणवतच नव्हतं. त्याला कळलं नाही, नाथाला कळलं नाही.

रोहिणीनं हॉर्न मारला. मारतच राहिली. कॅन हिंदकळत होत्या. तिनं गाडी तशीच दामटली आणि नाथाच्या पुढं काढून आडवी लावली.

"काय झालं वहिनी?"

तिनं गाडी बांधाच्या दगडाला टेकवली, मागं चालत जाऊन चप्पल आणली आणि खाली बसली. टाच सोलून निघाली होती. रक्तात बारीक खडे रुतले होते. ते तिनं बोटानं काढले, पदराचं टोक फाडून टाचेला बांधलं, चप्पल घातली. पाय थंडगार होता. दोन्ही हातांनी उचलून तिनं तो पायदानावर ठेवला आणि सरकू नये म्हणून नाथाचा रुमाल मागून घेऊन पायदानाला बांधला.

हे सगळं होईपर्यंत धोंडीराम तुरीच्या रानाकडं बघत होता.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. थोड्या वेळानं, तसाच तिकडं बघत, म्हणाला, "दूध सांडलं का गं?"

"न्हाई."

"मग जा. ऊन व्हईल."

तिनं आधी नाथाला जाऊ दिलं. मग गाडी चालू केली आणि त्याचा पाय दिसत राहील एवढं अंतर ठेवून मागून निघाली.